शेवटचा इंच

रेकॉर्ड विकणारा माणूस रेकॉर्डचा फक्त पहिला इंच ऐकतो. माझ्या धंद्यातले जे दोन-चार लोक अजून हयात आहेत ते हे वाचून रागावतील, पण खरं आहे. गिऱ्हाईक काउंटरपाशी उभं असतं. आपण तबकडी पाकिटातून काढतो, कडेला धरून टर्नटेबलवर ठेवतो आणि सुई पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला टेकवतो. अर्धा मिनिट वाजू द्यायचं. गिऱ्हाइकाची मान हलली तर रेकॉर्ड खपली, नाही हलली तर पुढची काढायची. त्यामुळे दुकानातली नमुन्याची कुठलीही रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून बघा. बाहेरचा इंचभर भाग झिजून करडा झालेला आणि आतलं सगळं पॉलिश केलेल्या बुटासारखं काळंभोर दिसेल.

मी बंगळूरच्या कँटोन्मेंटात अशा दुकानात पन्नासच्या दशकात शिरलो आणि केस पिकल्यावर बाहेर पडलो. लोकांना वाटतं, काय मजा, दिवसभर गाणी. मिठाईच्या दुकानात काम करणाऱ्याला विचारा किती पेढे खातो ते.

आमच्या घरात या धंद्याला कोणी धंदा म्हणत नसे. आम्ही शिंपी. आमचे पूर्वज कुठल्या पलटणीमागे इकडे आले ते आता कोणाला ठाऊक नाही, पण कॉटनपेठेत आमचं शिवणाचं दुकान आजोबांपासून होतं. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णा कँटोन्मेंटातल्या साहेब लोकांचे कोट शिवायचे आणि त्यांचा हात असा होता की कोटाची बाही उसवून पुन्हा बसवली तरी कळू नये. माझा जन्म मशीनच्या आवाजात झाला, असं आई म्हणायची. मी मोठा झालो की दुसऱ्या मशीनवर बसेन, असं सगळ्यांनी धरलं होतं. मी बसलो नाही. मला ते पायडल मारणं म्हणजे घाण्याचा बैल होणं वाटायचं. मी रेकॉर्डच्या दुकानात गाण्याच्या पेटीमागे उभा राहायला गेलो. त्या दिवशी अण्णा एवढंच म्हणाले, "जा की. कान आहे तुला, हात नाही." हे कौतुक होतं की शिवी, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं.

कान मात्र होता. दुकानाचे मालक मुदलियार, पांढरी पँट, कपाळाला विभूती, स्वतः फक्त नागस्वरम ऐकणारे. पाश्चात्त्य माल त्यांनी माझ्यावर सोपवला होता. फॉक्स ट्रॉट आणि वॉल्ट्झ या नाचांचे दिवस सरले, गिटारवाले आले, लाखेच्या जड रेकॉर्डी जाऊन एलपी आल्या, या सगळ्यांत मुदलियारांनी मला एकदाही विचारलं नाही की रंगा, हे काय मागवलंस. रिचर्ड्स टाउनच्या आँग्लो-इंडियन बायका मला दोन ओळी गुणगुणून दाखवायच्या आणि मी मागे न बघता हात घालून नेमकी रेकॉर्ड काढायचो. मल्लेश्वरमचे एक प्रोफेसर होते, गणिताचे. ते दर महिन्याला बसने यायचे, ऐकण्याच्या काचेच्या खोलीत बसून तीन रेकॉर्डी ऐकायचे आणि ग्रामोफोनच्या सुयांची एक डबी घेऊन जायचे. त्यांना मी एक दिवस रेकॉर्ड विकून दाखवीन, अशी मी मुदलियारांशी पैज लावली होती.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. रेकॉर्ड सदोष निघाली तर आम्ही ती अख्खी परत पाठवत नसू. पोस्टात तिचे तुकडेच व्हायचे. माल पुरवणाऱ्या कंपनीची पद्धत अशी होती की दुकानदाराने ती रेकॉर्ड नष्ट करायची आणि मधली लेबलची चकती तेवढी पाठवायची, की बदली माल यायचा. लाखेची आपटली की फुटे. एलपी फुटत नाही, वाकते. म्हणून मी ती गरम पाण्याच्या परातीत मऊ करायचो आणि कातरीने मधला गोल कापायचो. कातर अण्णांची होती, जुनी, कोटाचं जाड कापड कापायची. घरातून मी घेतलेली तेवढीच एक वस्तू.

दोष कोणता, हे ठरवणं माझ्याकडे होतं. त्याचं शास्त्र सोपं आहे. एलपी मिनिटाला तेहतीस आणि वर थोडे फेरे घेते. तिच्यावर ओरखडा असेल तर तो फेऱ्याला एकदा लागतो. टक, मग दोन सेकंदांच्या आत पुन्हा टक. एकाच रेकॉर्डमध्ये टक येत असेल तर ती कोणीतरी खरवडली. गठ्ठ्यातल्या सगळ्यांत त्याच जागी येत असेल तर कारखान्यातला साचा बिघडला. मी हे एका कानाने ओळखायचो, आणि दुसरा कान गिऱ्हाइकाकडे असायचा.

साठच्या दशकाची शेवटची वर्षं होती. कलकत्त्याहून आलेल्या खोक्यात, मागवलेल्या खपाऊ मालाखाली, न मागवलेल्या बारा एलपी निघाल्या. इंग्लंडच्या कुठल्यातरी खेड्यातली एक बाई आणि तीन दाढीवाले, गवताच्या गंजीला टेकून उभे. त्यांची जुनी लोकगीतं आणि नवी विजेची गिटार, असा तो प्रकार होता. तेव्हा त्याला फोक-रॉक म्हणतात हेसुद्धा आम्हांला नुकतंच कळलं होतं. मी पहिला इंच ऐकला. एक बासरी, मग बराच वेळ काहीच नाही. मागच्या फळीवर टाकल्या.

त्यांतली एकच खपली. येलहंक्याच्या एअर फोर्स स्टेशनातले एक फ्लाइट लेफ्टनंट बेदी यायचे, त्यांना दाढीवाल्यांची तोंडं आवडली म्हणून. पुढच्या आठवड्यात ते मोटरसायकलवरून परत आले.

"रंगा भाई, आखिरी गाने में कुछ टिक-टिक है. देखो जरा."

मी दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं लावलं. बाई एकटी गात होती, वाद्य नाही, आणि मागे बारीक घरघर. त्या घरघरीवर टक. मग टक. मी फळीवरून आणखी दोन काढल्या. त्याच जागी तीच घरघर, तेच टक.

"साचा खराब आहे," मी म्हणालो. "पूर्ण गठ्ठा गेला."

गाणं तेव्हा अर्ध्यावरही आलं नव्हतं. मी सुई उचलली, बेदींना त्यांच्या आवडीची दुसरी रेकॉर्ड बदलून दिली आणि त्याच दुपारी परात घेऊन बसलो. अकरा एलपी कापल्या. मुदलियारांना सांगितलं, ते म्हणाले, "सरी, रंगा. तू म्हणतोस तर खराबच." बेदींची तेवढी पुराव्यासाठी ठेवली आणि लेबलं कंपनीच्या मद्रासच्या कचेरीला धाडली.

मद्रासहून पत्र आलं. दुसऱ्या कुठल्याही गावाहून तक्रार नाही, मग तुमच्याच गठ्ठ्यात दोष कसा? आमचा माणूस सोमवारी सकाळी येऊन उरलेली रेकॉर्ड तपासेल. आणि खाली एक ओळ, दुकानदाराची तपासणी चुकीची ठरल्यास त्याच्या सही-शिक्क्यावर यापुढे माल बदलून मिळणार नाही. सही मुदलियारांची होती, कान माझा होता. मुदलियारांनी पत्र माझ्यापुढे ठेवलं. दुसऱ्या गावांत तक्रार का नाही हे मला छान ठाऊक होतं. कोणी शेवटपर्यंत ऐकलीच नसणार. मला काडीची चिंता वाटली नाही, उलट मद्रासच्या माणसाला दोन गोष्टी शिकवू असं वाटलं.

त्यासाठी मी रविवारी दुकानातली सूटकेससारखी उचलून न्यायची रेकॉर्ड वाजवायची पेटी आणि ती रेकॉर्ड घरी नेली. घड्याळ लावून टक मोजायचे, कागदावर लिहायचे आणि तो कागद साहेबाच्या हातात द्यायचा, असा बेत होता. लग्नसराई असल्यामुळे अण्णा रविवारीही मशीनवर होते. घरात जागा तेवढीच, म्हणून मी कापड कापायच्या फळीवर पेटी मांडली. अण्णांनी चष्म्यावरून एकदा बघितलं आणि पायडल चालू ठेवलं. मी म्हणालो, अण्णा, स्वल्प थांबा, मला मोजायचंय. ते थांबले.

मी शेवटचं गाणं लावलं. टक, टक. मी आकडे मांडत होतो. आकडे जमेनात. आधी दोन सेकंदांच्या आसपास होते, मग लांबायला लागले, मग एक टक आलाच नाही. ओरखडा कधी दमत नाही. मी घड्याळाला किल्ली द्यायला लागलो.

"परत लाव ते," अण्णा म्हणाले.

मी परत लावलं. अण्णा स्टुलावरून उठून पेटीपाशी आले आणि मान वाकडी करून ऐकत राहिले. गिऱ्हाइकाचा कोट बघताना ते अशीच मान करायचे.

"हे मशीन की रे," ते म्हणाले.

"कुठलं मशीन?"

"शिवायचं, अजून कुठलं. पट्टा सैल झालाय. पट्टा जोडतात बघ तारेच्या क्लिपेनं, ती चाकावर आपटतीय." ते ऐकत होते. "आता हळू केलं. कोपरा आला. थांबली. सुई कापडात ठेवली, कापड वळवलं. आता निघाली बघ."

टक पुन्हा सुरू झाला.

"बाईमाणसाचा पाय आहे," अण्णा म्हणाले. "हलका आहे. उशीचं काहीतरी शिवतीय. तिसरा कोपरा झाला."

त्या दिवशी पहिल्यांदा मी ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं. चौथा कोपरा झाल्यावर मशीन थांबलं, बाईचा आवाज दोन ओळी एकटाच राहिला, आणि मग दोरा तोडल्याचा आवाज आला. तो मलासुद्धा ओळखू आला. मी पाकीट उलटं केलं. मागच्या बाजूला, छापखान्याच्या नावाच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं की शेवटच्या गाण्यात शिवणाचं मशीन चालवलंय गायिकेच्या आईने. बारा वर्षं मी पाकिटं विकत होतो, पण पाकिटाची पाठ वाचायची असते हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

शिंप्याचा मुलगा मी. ज्या आवाजात जन्मलो तो माझ्या कानाला दोष वाटला आणि मी अकरा रेकॉर्डी कापल्या, त्याही बापाच्या कातरीने. हे अण्णांना मी सांगितलं नाही. पण दुकानात मी त्या कातरीने काय कापतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनीच विचारलं, "किती कापल्यास?" मी आकडा सांगितला. ते मशीनवर जाऊन बसले आणि म्हणाले, "शिवलेलं उसवता येतं. कापलेलं काय करणार." मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही, ना आधी, ना नंतर.

सोमवारी मद्रासचे साहेब आले. घाईत होते, दुपारची गाडी गाठायची होती. त्यांनी रेकॉर्ड हातात घेतली, उजेडात फिरवली, पहिला इंच ऐकला, मग सुई उचलून शेवटच्या गाण्यावर ठेवली. टक, टक. चार टक ऐकले आणि त्यांनी सुई उचलली.

"क्लिअर केस," ते मुदलियारांना म्हणाले. "साचाच खराब. तुमचा माणूस हुशार आहे. हीसुद्धा माझ्यासमोर कापा म्हणजे मी लेबल बरोबर घेऊन जातो."

मुदलियारांच्या चेहऱ्यावर रंग आला. त्यांनी माझ्याकडे अभिमानाने बघितलं, हे मला आजही आठवतं आणि आजही टोचतं. परात तयार होती, पाण्यातून वाफ येत होती. कातर माझ्या हातात होती. गप्प राहिलो असतो तर माझा कान बंगळुरात सर्वांत चांगला ठरला असता, मुदलियारांची सही राहिली असती, आणि ती बाई आणि तिची आई परातीत गेली असती. कोणाला कळलंही नसतं.

मी खरं सांगतो, मी सत्यवादी वगैरे नाही. मी गिऱ्हाइकांना त्या काउंटरवरून वाटेल ते सांगितलेलं आहे. पण ती कातर मला चालवता येईना.

"साहेब, हा दोष नाही," मी म्हणालो. "हे शिवणाचं मशीन आहे. पट्टा सैल आहे त्याचा. बसा, शेवटपर्यंत ऐका. मी कोपरे दाखवतो."

ते बसले नाहीत, पण उभ्याने ऐकलं. मी अण्णांसारखं सांगत गेलो, हा पहिला कोपरा, हा दुसरा. दोरा तुटला तेव्हा त्यांनी हॅट काढून टेबलावर ठेवली.

"मग त्या अकरा?" त्यांनी विचारलं.

"त्या चांगल्या होत्या," मी म्हणालो. "मी ऐकल्या नव्हत्या."

मुदलियार खुर्चीतून उठले आणि पाठीमागच्या खोलीत गेले. साहेबांनी गाडी चुकवली नाही. त्यांचं पत्र आठवड्याने आलं, आणि वर्षभर आमच्या दुकानाला माल बदलून मिळाला नाही, त्यात खरोखर फुटका आला तोही आमच्याच गळ्यात पडला. मुदलियारांनी मला काढलं नाही. त्यांनी फक्त एक हुकूम केला. "रंगा, यापुढे जी रेकॉर्ड तू शेवटच्या रेघेपर्यंत ऐकली नाहीस, तिच्याबद्दल तोंड उघडायचं नाही. दुपारी दोन ते चार दुकान रिकामं असतं. तेव्हा ऐकायचं. मागच्या फळीपासून सुरू कर."

त्यांनी शिक्षा म्हणून सांगितलं, आणि मी जो काही माणूस झालो तो या शिक्षेने झालो. मागच्या फळीवर साठ-सत्तर एलपी पडल्या होत्या, वरती धूळ, आत कोरा माल. मी एकेक पुसून लावली. काही टाकाऊच होत्या, सगळीच धूळ सोन्यावर बसते असं नाही. पण पहिल्या बाजूला नुसता धांगडधिंगा आणि दुसऱ्या बाजूच्या चौथ्या गाण्यात अंगावर काटा यावा असं काही, असं वारंवार सापडायला लागलं. मग मी काउंटरवर युक्ती बदलली. गिऱ्हाईक आलं की पहिला इंच लावायचोच नाही. सरळ आत सुई ठेवायचो. लोक चक्रावायचे, मग ऐकायचे, मग घ्यायचे. कॉलेजची पोरं बसने यायची आणि विचारायची, "सार, मागच्या फळीवरचं काय आहे?" दोन वर्षांत ती फळी रिकामी झाली. ज्या गाणाऱ्यांना त्यांच्या गावात कोणी विचारलं नाही त्यांची गाणी बसवनगुडीच्या आणि फ्रेझर टाउनच्या घरांत वाजत होती. हे काम मी केलं आणि याबद्दल नम्रता दाखवायचं मला काही कारण दिसत नाही.

मल्लेश्वरमच्या प्रोफेसरांना मी एक असं गाणं लावून दिलं ज्यात गिटारची एकच तार तंबोऱ्यासारखी अखंड चालली होती आणि तिच्यावर एक म्हातारा गात होता. प्रोफेसर काचेच्या खोलीतून बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले ते रेकॉर्ड काखेत धरूनच. सुयांची डबी विसरले. पैज मी जिंकलो.

फक्त एक रेकॉर्ड मी कधीच काउंटरवर आणली नाही. ती मी मुदलियारांकडून विकत मागितली, त्यांनी कागदात बांधून दिली आणि दोन्ही हातांनी दिली. बेदींना गोष्ट सांगितली तेव्हा ते इतके हसले की त्यांचा चहा सांडला, आणि म्हणाले, "रख लो भाई, तुम्हारे घर की चीज है." ती गवताच्या गंजीवाली रेकॉर्ड पुन्हा बंगळुरात आली नाही. मी पुढे वर्षानुवर्षं मागवून बघितली, माल नाही असं उत्तर यायचं. या गावाच्या वाट्याला बारा आल्या होत्या. त्यांतल्या अकरा मी कापल्या.

अण्णांना त्या रेकॉर्डचं वेड लागलं, असं मी म्हणणार नाही. त्यांना गाण्यातलं काही कळत नव्हतं आणि इंग्रजी तर नाहीच. पण पुढच्या पगारवाढीत मी घरी रेकॉर्डची पेटी आणली, आणि रविवारी जेवणं झाली की ते म्हणायचे, "त्या बाईला लाव." म्हणजे गाणारी नव्हे, शिवणारी. मी शेवटचं गाणं लावायचो. ते डोळे मिटून कोपरे मोजायचे, आणि दर वेळी शेवटी तेच म्हणायचे, "पट्टा सैल आहे. कोणी सांगत कसं नाही तिला." पुढे त्यांचे गुडघे गेले, मशीन विकलं, पुढची खोली भाड्याने दिली. घरात पायडलचा आवाज आठवड्यातून एकदाच, त्या रेकॉर्डमधून यायचा. तेव्हा ते एकदा माझ्याकडे न बघता म्हणाले, "कान आहे तुला." पुढचं वाक्य म्हणाले नाहीत.

परवा इंदिरानगरहून एक गृहस्थ आले होते. जुन्या एलपी जमवतात, कुठूनतरी माझा पत्ता काढला. मला म्हणाले, अंकल, या ग्रुपची ही एकच रेकॉर्ड, आता जगभर लोक शोधतायत, तुमच्याकडे आहे असं ऐकलं. मी दाखवली. त्यांनी पांढरे हातमोजे घालून ती खिडकीपाशी नेली, तिरकी धरली आणि फार हळहळले. पहिली बाजू कोरी. दुसरी बाजूही कोरी, बाहेरून आतपर्यंत काळीभोर. फक्त लेबलाला लागून इंचभर भाग पार झिजून पांढुरका झालेला.

"अंकल, असं कसं झालं? एवढी मिंट कॉपी आणि शेवटचाच ट्रॅक खराब. काही ऐकू तरी येतं का त्यात?"

मी त्यांच्यासाठी लावली. घरघर खूप वाढली आहे, बाईचा आवाज लांब गेला आहे, शब्द कळत नाहीत. ते गृहस्थ नाराज होऊन मोजे काढायला लागले. मी मात्र चारही कोपरे मोजले. पट्टा अजून सैलच आहे.